कडीच्या डब्यातली चकती

मी चकती बोलतेय. बांगडीच्या आत सहज मावेन एवढी, निळी, प्लास्टिकची, वरच्या कडेला एक भोक असलेली. भोकातून पट्टी ओवून मला बॅगेच्या मुठीला अडकवतात. बाहेरून पाहाल तर एखाद्या बरणीचं झाकण वाटेन. पुष्कळांना तसं वाटलंही.

पण माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे, केसापेक्षा बारीक तार आणि तिचे शेकडो फेरे. त्याच्या टोकाला मोहरीएवढी एक चिप आहे आणि त्या चिपमध्ये एक नंबर आहे. चार शून्य सात एक आठ. हे माझं नाव, हेच माझं शिक्षण. माझ्यात सेल नाही, बॅटरी नाही. विमानतळावर सामान वाहणाऱ्या पट्ट्याभोवती एक चौकट बसवतात. ती चौकट रेडिओच्या लहरी सोडते, म्हणजे हाक मारते म्हणा ना. त्या लहरी माझ्या वेटोळ्यावर आल्या की त्यांच्याच जोरावर मी जागी होते आणि माझा नंबर सांगते. तो ऐकून कंप्युटर ठरवतो की ही बॅग कोणाची, कुठल्या विमानाची, आणि तिला त्या वाटेला लावतो. बॅग पालथी पडू दे, दहा बॅगांच्या खाली जाऊ दे, हाक आली की मी ओ देते.

माझा जन्म १९९७ सालचा, युरोपातल्या एका कारखान्यातला. तिथे पांढरा कोट घातलेली एक बाई आमची परीक्षा घ्यायची. तिने मला लोकरीच्या स्वेटराआड ठेवलं, चामड्याच्या पाकिटात ठेवलं, लाकडी खोक्यात ठेवलं. प्रत्येक वेळी मी नंबर सांगितला. मग तिने माझ्यापुढे स्टीलचं ताट धरलं आणि मला काहीच ऐकू आलं नाही. मी घाबरले. तिला मात्र त्याचं काही वाटलं नाही, तिने वहीत एक ओळ लिहिली आणि पुढची चकती उचलली. धातू मध्ये आला की आम्ही बहिऱ्या आणि मुक्या होतो, हे तिला आधीपासून माहीत होतं. तिच्या वहीतली ती ओळ पुढे आमच्याबरोबरच्या इंग्रजी कागदावर अगदी बारीक अक्षरांत छापली गेली, आणि तो कागद कोणीही वाचला नाही.

एका विमान कंपनीला मुंबई-मस्कत वाटेवर आम्हाला वापरून बघायचं होतं. म्हणून आम्ही शंभरजणी सहारच्या विमानतळावर आलो. नेहमी ये-जा करणाऱ्या प्रवाशांना आमच्यातल्या एकदोघी द्यायच्या, सहा महिने बघायचं, असा बेत होता. १९९८ च्या फेब्रुवारीत पोपट नावाचा एक माणूस परतीचं तिकीट पक्कं करायला कंपनीच्या कचेरीत आला, तेव्हा त्याला मी आणि माझी एक बहीण मिळालो. "घरीच बॅगांना लावून आणा," काउंटरवरची मुलगी त्याला म्हणाली. "आणि जपा हं, महाग आहेत. परत द्यायच्या आहेत."

पोपट डोंबिवलीत कोपरला राहायचा. नऊ वर्षं तो मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करत होता. आखातातून सुट्टीवर आलेला माणूस परत जाताना स्वतःचं सामान थोडं आणि लोकांचं जास्त नेतो, हे मी त्याच्या घरी दोन दिवसांत शिकले. कोणी मुलासाठी मसाला आणून देतं, कोणी नवऱ्यासाठी चष्मा, कोणी लग्नाच्या पत्रिका. पोपट कोणाला नाही म्हणायचा नाही, फक्त प्रत्येक पुडक्याचा वास घेऊन बघायचा. या खेपेला मात्र त्याने एक आख्खी बॅग एकाच घरासाठी राखून ठेवली होती. त्या बॅगेसाठी माझी नेमणूक झाली आणि तो मला घेऊन ठाण्याला बाळकुमला आला.

ते घर धाकू कोळ्याचं. खाडीच्या कडेला पुढे ओटी असलेलं बैठं घर, आणि मागे नव्या इमारतींचे खांब उभे राहत होते. धाकूची बायको मनुबाई. त्यांची एकुलती एक मुलगी तुळसा मस्कतला होती आणि तिला नववा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ते होणार नव्हतं. रक्तदाब वाढलाय म्हणून डॉक्टरांनी विमानप्रवासाला नको म्हटलं, असं तुळसाने कळवलं होतं. ते खरंच होतं. पण डॉक्टर हो म्हणाले असते तरी ती आली असती का, हे मनुबाईलाही सांगता आलं नसतं.

कारण तीन वर्षांपूर्वी तुळसाने ठाण्याच्या रजिस्टर कचेरीत जाऊन चांगदेवशी लग्न केलं होतं. चांगदेव ठाकुर्लीचा, घाटावरच्या घरातला, पोपटच्याच कंपनीत फिटर. मुलगा चांगला होता, पण कोळी नव्हता. धाकूने आरडाओरडा केला नाही. त्याने मुलीचं नाव घेणं बंद केलं, एवढंच. तिचं पत्र आलं की तो जाळं उचलून होडीकडे जायचा. शेजारच्या मंजुळाबाईंकडे तिचा फोन आला की मनुबाई एकटीच धावायची.

पोपट आला तेव्हाही धाकू ओटीवर पाठ करून जाळं दुरुस्त करत बसला होता.

"मावशी, दहा किलोच्या वर नको हां," पोपट आत मनुबाईला सांगत होता. "लास्ट टाइमला एकाचं लोणचं घेऊन गेलेलो. पूर्ण बॅगेत तेल."

"लोनचा नाय रे देत. लाडू हायेत."

"लाडू चालतील. आणि हे बघ." त्याने मला बॅगेच्या मुठीला अडकवलं. "ही चकती हाय ना, मशीन हिला हाक मारतं आणि ही आतनं नंबर बोलते. ही असली की बॅग हरवायचीच नाय. पण ही हरवली तर मग बॅगेचं काय खरं नाय. एअरपोर्टवर सामान कसं आपटतात माहितीये ना? आणि परत द्यायची हाय कंपनीला. सांभाळ."

"हात बी नाय लावायची मी," मनुबाई म्हणाली, आणि मला हात न लावता माझ्याकडे बघत राहिली.  ओटीवर धाकूचा जाळं शिवणारा हात मघापासून थांबलेला होता.

पुढचे तीन दिवस मनुबाईने बॅग भरली. एवढ्या मायेने भरलेली बॅग मी पुन्हा पाहिली नाही. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी तिने हाताने शिवली. अळीव, ओवा, बाळंतशोपा, वेखंडाचा तुकडा, सगळ्याच्या वेगळ्या पुरचुंड्या केल्या. तुळसाला आवडतो म्हणून सुका जवळा तीन पिशव्यांत एकात एक घालून बांधला. शेवटी माळ्यावरून तिने एक स्टीलचा कडीचा डबा काढला आणि त्यात डिंकाचे एकवीस लाडू भरले. डब्यावर ठाण्याच्या भांडीवाल्याने नाव कोरलेलं होतं, "चि. तुळसा हिस, आईबाबांकडून". मुलगी लग्नाची झाली तेव्हा धाकूनेच ही भांडी एकेक करून जमवायला घेतली होती. मग ते लग्न तसं झालंच नाही आणि भांडी माळ्यावर राहिली.

डबा बॅगेत ठेवताना मनुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डबा ओळखला. तो उठला आणि खाडीवर निघून गेला.

पोपट उद्या बॅग न्यायला येणार होता. त्या दुपारी मनुबाई बाळाच्या मनगट्यांसाठी काळे मणी आणायला बाजारात गेली. घरात कोणी नव्हतं. ओहोटी होती, होडी चिखलात होती. धाकू आत आला आणि बॅगेसमोर उभा राहिला.

बराच वेळ तो नुसता उभा होता. मला वाटलं, हा आता बॅग उचलून बाहेर टाकणार. त्याने बॅग उचललीही, पण वजन बघायला. मी मुठीला लोंबत होते, मी जोरात हलले. त्याने बॅग खाली ठेवली आणि माझी पट्टी दोन बोटांत धरून ओढून पाहिली.

"ही काय गाठ झाली?" तो म्हणाला.

जन्मभर ज्याने स्वतःच्या हाताने होडी बांधली, त्याचा प्लास्टिकच्या पट्टीवर विश्वास कसा बसावा? त्याने ती एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली आणि तिसऱ्यांदा ती निघालीच. तो मला तळहातावर घेऊन खाली बसला. सामान आपटतात हे त्याने ओटीवरून ऐकलं होतं. ही हरवली तर बॅगेचं काही खरं नाही, हेही ऐकलं होतं. त्याच्या घरात जी जी मोलाची वस्तू होती, ती स्टीलच्या डब्यात होती. मनुबाईची नथ तांदळाच्या डब्यात, होडीचे कागद रव्याच्या डब्यात. त्याने बॅग उघडली.

कडीचा डबा काढून त्याने झाकण उघडलं. मला लाडवांवर ठेवलं, मग पुन्हा उचललं. तूप लागेल असं त्याला वाटलं असावं. दुपट्यांतून उरलेला लुगड्याचा एक तुकडा कोनाड्यात होता, त्यात त्याने मला गुंडाळलं आणि लाडवांच्या मधोमध बसवलं. झाकण लावलं. कडी दाबून पाहिली. कोरलेल्या नावावरून त्याचा अंगठा फिरला, तो आवाज मी आतून ऐकला. मग डबा हलू नये म्हणून त्याने तो बॅगेत दुपट्यांच्या मध्ये ठेवला.

"आता नाय हरवायचा पोरीचा सामान," तो म्हणाला.

तीन वर्षांत त्याने मुलीचा विषय काढला तो असा, रिकाम्या घरात. ऐकायला मी एकटी होते. मला इतकं जपून आजवर कोणी ठेवलं नव्हतं. आणि मी आतून जीव तोडून सांगू पाहत होते की धाकू, इथे नको रे, दुपट्यात ठेव, जवळ्यात ठेव, बाहेर कुठेही ठेव, पण या डब्यात नको. पण माझ्याकडे शब्द नाहीत. एक नंबर आहे, तोही विचारल्यावरच सांगता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपट रिक्षा थांबवून ठेवून आला आणि घाईत बॅग घेऊन गेला. मनुबाईचे डोळे भरलेले, मुठीकडे बघायला तिला सुचलं नाही. धाकू होडीवर होता. मी मुठीला नाही, हे कळलं ते थेट विमानतळाच्या काउंटरवर.

"या बॅगेची चकती?" तिथल्या मुलीने विचारलं.

"होती की. मीच लावलेली." पोपटने बॅग फिरवून पाहिली. मागे रांग वाढत होती. "मावशीने काढून आत ठेवली असणार. परत द्यायचीय असं मीच बोललेलो ना."

"आत असली तरी चालतं. कपड्यांतून ऐकू येतं त्यांना," मुलगी म्हणाली. ती खोटं बोलली नाही. डब्याचं तिला कुठे माहीत होतं? तिने नेहमीची कागदी पट्टी मुठीला चिकटवली आणि बॅग पट्ट्यावर ढकलली.

मुंबईत त्या कागदी पट्टीवर निभावलं. वाटेत विमान बदलायचं होतं. त्या मधल्या विमानतळावर कुठल्याशा खिळ्याला अडकून कागद फाटला आणि बॅग अनाथ झाली. आता सगळी भिस्त माझ्यावर होती. याच वेळेसाठी मला घडवलं होतं. माझी बहीण पोपटच्या बॅगेवर होती, तिने ऐटीत नंबर सांगितला आणि ती मस्कतच्या विमानात चढली. माझी बॅग चौकटीतून गेली. बाहेर चौकट हाक मारत असणार. मला डिंकाचा आणि तुपाचा वास येत होता, दुसरं काही नाही. बॅग बाजूला काढली गेली आणि एका मोठ्या खोलीत फळीवर जाऊन पडली.

त्या खोलीत चुकलेल्या बॅगा असतात. दर दोन दिवसांनी एक माणूस हातात लहान यंत्र धरून फळ्यांवरून जायचा. आपल्या चपला तो फरशीवर घासत चालायचा. तो आवाज जवळ आला की मी सावध व्हायची आणि आवाज लांब गेला की मला रडू यायचं. आम्हाला रडता येत नाही हे मला माहीत आहे, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. मी दिवस मोजत होते. या दिवसापर्यंत बाळ झालं असेल, आज पाचवी पुजली असेल, आज बारसं. दुपटी माझ्याभोवती घडीत पडून होती आणि तिकडे बाळाला कशात गुंडाळलं असेल कोण जाणे.

शेवटी सोडवलं ते जवळ्याने. तीन पिशव्यांतूनही त्याचा वास बाहेर आला. त्या खोलीची झाडलोट करणारे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना बॅग उघडून खराब झालेलं टाकून द्यायला सांगितलं गेलं. त्यांनी जवळा हुंगला आणि कोणत्या गावाची आठवण झाली देव जाणे, तो टाकला नाही, पुन्हा नीट बांधला. मग डबा उघडला. बाविसाव्या दिवशी मला उजेड दिसला. त्यांनी इकडेतिकडे पाहून एक लाडू खाल्ला, मी त्यांना बोल लावणार नाही. दुसरा घ्यायला हात घातला तेव्हा फडक्याची गाठ हाताला लागली. त्यांनी ती सोडली, मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि यंत्रवाल्या माणसाला हाक मारली.

यंत्र माझ्यासमोर आलं. चार शून्य सात एक आठ. आम्ही सगळ्या एकाच वेगाने नंबर सांगतो, पण त्या दिवशी मी घाई केली यावर माझा विश्वास आहे. पडद्यावर पोपटचं नाव उमटलं. त्यांनी मला फडक्यासकट पुन्हा डब्यात ठेवलं आणि तेविसाव्या दिवशी बॅग मस्कतला तुळसाच्या दोन खोल्यांच्या घरी पोचली. बाळ चौदा दिवसांचं होतं. मुलगी झाली होती.

तुळसाने एकेक दुपटं तोंडाला लावून पाहिलं. चांगदेव आणि पोपट बाजूला बसून हसत होते. मग तिने डबा उघडला, नाव वाचलं आणि तिला लाडवांत मी सापडले.

"अरे, ही डब्यात?" पोपट म्हणाला. "मग मशीनला कशी ऐकू जाणार? मला विमान कंपनीवाल्याने परवाच सांगितलं, स्टीलमधनं जात नाही म्हणून. मी मुठीला लावलेली, मावशीच्या डोळ्यांसमोर. काढली कोणी?"

तुळसाचं हसू गेलं. "आई कशाला काढेल? तू सांभाळ बोललास तर ती दहा दिवस हात लावणार नाही."

"मग?"

"घरात दुसरं कोण आहे?" ती म्हणाली. "बाबांना नको होती माझी बॅग यायला. म्हणून काढून दडवली. मला बोलायचं नाही, माझं काय पोचू पण द्यायचं नाही."

"अगं, असं नसेल," चांगदेव म्हणाला. पण तो धाकूला ओळखत नव्हता, म्हणून त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

मी तिच्या हातात होते. माझ्या अंगावर अजून ते फडकं होतं, जे तिच्या बापाने मला तूप लागू नये म्हणून गुंडाळलं होतं. सगळं मला माहीत होतं. त्याने कडी दाबून पाहिली होती. काय बोलला तेही मी ऐकलं होतं. मला हे सांगता आलं असतं तर मी माझा नंबर आनंदाने देऊन टाकला असता.

त्या शुक्रवारी तुळसाने मंजुळाबाईंकडे फोन लावला. मला इकडची बाजूच ऐकू येत होती. "आई, ती चकती डब्यात तू ठेवलेली?" मग ती थांबली. "खरं सांग." पुन्हा थांबली. "बरं." फोन ठेवून ती चांगदेवला म्हणाली, "बोलते मीच ठेवली. लगेच नाही बोलली, विचार करून बोलली. बाबांना वाचवते." त्या दिवसापासून तिचा संशय पक्का झाला. फोन ती करायची, पण आधी "बाबा कसे आहेत" म्हणून विचारायची ते बंद झालं.

पुढे दोन महिन्यांत आमची परीक्षाच बंद पडली. एकेका बॅगेला एवढी महाग चकती परवडत नाही, असं कंपनीचं मत झालं. पोपटला कळवलं की आता परत द्यायची गरज नाही. माझ्या बहिणीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मला तुळसाने पर्समधल्या आतल्या कप्प्यात ठेवलं. कधी काही शोधताना हाताला लागले की ती मला बाहेर काढायची, बघायची आणि पुन्हा ठेवायची. मला तिच्या पर्समध्ये राहायला आवडायचं, पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ती मला सोसत नव्हती.

१९९९ च्या मे महिन्यात ती सुट्टीवर आली. चांगदेव ठाकुर्लीला थांबला आणि ती बाळाला घेऊन, लग्नानंतर पहिल्यांदा, बाळकुमला आली. मनुबाईने दारात दोघींवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. धाकू ओटीवर होता. तिला वाट मिळावी म्हणून त्याने पसरलेलं जाळं आपल्याकडे ओढून घेतलं. तेवढंच. 

चहा झाला. बाळ मनुबाईच्या मांडीवर होतं. तुळसाने पर्स उघडली आणि मला ओटीच्या जमिनीवर, तिघांच्या मध्ये ठेवलं.

"आई, आता समोर सांग. ही डब्यात कोणी ठेवली?"

"फोनवर सांगितला ना तुला. मीच."

"आई."

"मीच गो. आता कनाला जुना काढतेस? पोर आलीस, दोन घास खा."

"ती नाय," धाकू म्हणाला. "मी ठेवलेली."

मनुबाई बाळाला थोपटत होती, तिचा हात थांबला. तुळसाने बापाकडे सरळ पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

"का?"

"पट्टी कच्ची व्हती," तो म्हणाला. तो जाळ्याकडेच बघत होता. "नुसती लोंबत व्हती मुठीला. पोपट बोलला सामान आपटतात. पडली असती तं तुजा सामान हरवला असता. म्हनून डब्यात ठेवली. तुज्या नावाचा डबा हाय ना, त्यात. लाडवांत, फडक्यात बांधून." मग त्याने विचारलं, "लाडू बरे पोचले ना?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. बॅग हरवली हे मनुबाईने त्याला सांगितलंच नव्हतं. वर्षभर तो माणूस समजून होता की आपल्या हातून मुलीचं तेवढं एक काम नीट झालं.

"बाबा, स्टीलच्या डब्यात हिला ऐकू येत नाही," तुळसा हळू म्हणाली. "बॅग हरवलेली. तेवीस दिवसांनी आली."

धाकूने हातातली सुई खाली ठेवली. "तेवीस?"

"हो."

"मंग बारशाला नाय पोचला सामान?"

"नाही."

 मी जमिनीवरून त्याच्याकडे बघत होते, आणि त्या वेळी आपण बोलत नाही याचं मला बरंच वाटलं. मग त्याने तुळसाकडे पाहिलं. "आनि तुला वाटला, मी मुद्दाम दडवली."

 तुळसाने होकाराची मान हलवली. मनुबाईने पदर तोंडाला लावला. "मना पन तसाच वाटला व्हता," ती म्हणाली. "म्हनून मी माज्यावर घेतला. तुमाला विचारायची मना भीती वाटली."

"वाटनारच," धाकू म्हणाला. "मी वागलोच तसा. तुमचा काय चुकला?"

तुळसा रडली. कोणी तिला गप्प केलं नाही. थोड्या वेळाने ती उठली, बाळाला आईच्या मांडीवरून उचललं आणि बापासमोर धरलं. त्याने हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले.

"थांब गो. हाताना मावऱ्याचा वास हाय," तो म्हणाला, आणि मोरीत जाऊन त्याने हात साबणाने दोनदा धुतले, लुंगीला पुसले आणि पुन्हा एकदा धुतले. परत येऊन मांडी घालून बसला. मग त्याने ओंजळ पुढे केली आणि तुळसाने मुलगी त्याच्या हातांत दिली.

त्या दिवसापासून मी बाळकुमलाच आहे. तुळसा जाताना धाकूने मला मागून घेतलं आणि होडीच्या साखळीच्या किल्लीला बांधलं, या वेळी स्वतःच्या गाठीने. ती गाठ सुटणार नाही याची मला खात्री आहे. खाडीवर कोणी विचारलं तर तो सांगतो की ही विमानाची चकती आहे आणि हिला स्टीलच्या डब्यात कधी ठेवायचं नसतं. ऐकणाऱ्याला त्यात काय एवढं, हे कळत नाही.

गेल्या महिन्यात पोपट पुन्हा आला आणि पुन्हा एक बॅग गेली. ती धाकूने भरली. मनुबाई नुसती बाजूला बसून चुका काढत होती.

तुम्ही माझं इतकं ऐकून घेतलंत म्हणून एक मागते. तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, जी कोणीतरी जपायला म्हणून ठेवली आणि त्यामुळेच हरवली. ती कोणी ठेवली हे तिला माहीत असतं, पण ती सांगू शकत नाही. माणसाला सांगता येतं. त्याला समोर बसवा आणि विचारा, आणि तो जाळ्याकडे बघत बोलला तरी शेवटपर्यंत ऐका.

येते मी. भरती लागलीय आणि धाकू किल्ली शोधतोय.